करडी का थांबते

४ एप्रिल

व्याहीबुवा,
सप्रेम नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होते. पण माझा डावा कान कारखान्यातल्या यंत्रांनी केव्हाच खाल्ला आहे, आणि तुम्ही फोनवर असे बोलता की तिसऱ्या खोलीतल्या माणसालाही कळावं. हे बोलणं माझ्या लेकीच्या कानावर जायला नको, म्हणून कागद.

परवा तिचा फोन होता. बोलता बोलता मध्येच विषय बदलला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आई, बाबा रस्ता चुकायला लागलेत." दोन महिन्यांत चार वेळा तुम्ही दोन-दोन तास उशिरा घरी आलात म्हणे. विचारलं की सांगता, वळण चुकलं, भलतीकडेच गेलो. आता ती तुमच्या शर्टाच्या खिशात घरच्या पत्त्याची चिठ्ठी ठेवते. जावई कामावरून आले की कपडेही न बदलता जिन्यात उभे राहतात, तुमच्या स्कूटरचा आवाज येतो का ते ऐकत. दोघं मिळून तुम्हाला स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे नेणार आहेत.

मला हे काही पटत नाही. मुलांचं लग्न ठरवायला तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा भिंतीपलीकडे शेजारीण शिवत होती. तुम्ही चहा हातात धरून म्हणालात, "यांच्या मशीनचा पट्टा सैल झालाय." सात वर्षांनी पुन्हा आलात तर चपला काढता काढता विचारलंत, "पट्टा बदलला का त्यांनी?" पंचेचाळीस वर्षं घरोघर जाऊन शिलाई मशिनी दुरुस्त करणारा माणूस, कुठला शिंपी कुठल्या मजल्यावर बसतो हे ज्याला पाठ आहे, तो स्वतःच्या घराचं वळण चुकतो?

चुकत असाल तर तसं लिहा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण खरं काय ते लिहा.

आपली,
विहीण


११ एप्रिल

विहीणबाईंना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र नेमकं सूनबाईच्या हाती पडलं. अक्षर ओळखून म्हणाली, "आई तुम्हाला पत्र का लिहिते?" मी म्हटलं, मशीनचं काहीतरी विचारलंय. म्हणजे तुमच्यापायी मला आणखी एक खोटं बोलावं लागलं.

काळजी करू नका. मी एकाहत्तर वर्षांचा झालो. एवढ्या वर्षांत माणूस चार वेळा वळण चुकला तर त्याचं कौतुक करायला हवं. शिवाय हल्ली रस्तेही रोज बदलतात. काल डावीकडे जाता येत होतं, आज तिथे खांब रोवलेले असतात. मग मी कुठेतरी सावली बघून अर्धा तास बसतो, डोकं जरा निवलं की निघतो. रंगाच्या दुकानासमोर एक बुटकी भिंत आहे, ती बसायला बरी आहे. दुकानदार ओळखीचा झाला आहे, हात धुवायला पाणी देतो.

काम चालू आहे. मशिनी कमी झाल्या, पण ज्या आहेत त्या जुन्या आहेत, आणि जुन्या मशीनला हात लावणारे आम्ही दोघे-तिघेच उरलोय. माझी स्कूटर, करडी, तीही बरी आहे. तीस वर्षांची झाली, पण पायाशी हत्यारांची पेटी ठेवून अजून मला घेऊन जाते. फक्त ऊन चढलं की जरा रुसते.

डॉक्टरांकडे जायला माझी हरकत नाही. मुलांचं समाधान होईल.

आपला,
व्याही


१९ एप्रिल

व्याहीबुवा,

नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कारखान्याच्या तपासणी खोलीत एकतीस वर्षं काढली आहेत मी. रबराचा तुकडा हातात घेऊन तो कशानं बिघडला हे शोधायचं, एवढंच माझं काम होतं. तेव्हा आता माझा निष्कर्ष ऐका.

एक, "आणखी एक खोटं" असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे आधी एक होतंच.

दोन, रस्ता चुकलेला माणूस विचारत विचारत जातो, सावलीत अर्धा तास बसत नाही. तापलेलं इंजिन निवायला मात्र बरोबर तेवढाच वेळ लागतो.

तीन, हात धुवायला पाणी. रस्ता चुकल्यावर हात कशानं काळे होतात? काल लेकीला सहज विचारलं तर म्हणाली, "बाबांच्या उजव्या बाहीला हल्ली पेट्रोलचा वास येतो, दोनदा धुतली तरी जात नाही."

रस्ता तुम्ही चुकत नाही. करडी बंद पडते, आणि तुम्ही ते लपवता. का लपवता ते तुम्ही सांगा. का बंद पडते ते मी सांगते.

हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, उसापासून, मक्यापासून काढलेलं. त्यात वाईट काही नाही. नव्या गाड्या ते मिश्रण धरूनच बनवतात. आमच्या कारखान्यातही मी निवृत्त व्हायच्या आधी नळ्यांच्या रबराची कृती बदलली होती. पण करडीचं रबर जुन्या कृतीचं. त्याला इथेनॉल सोसत नाही. ते फुगतं, मऊ होतं, आतून बारीक कण सोडतं. नळी बाहेरून जाड दिसते आणि आतून अरुंद होते. मग इंजिनला पेट्रोल कमी पडतं, ते जास्त तापतं आणि थांबतं. प्लग काढून बघता तेव्हा तो खडूसारखा पांढरा दिसतो का?

आणि एक प्रयोग करा. निमुळती काचेची बाटली घ्या. तळाशी थोडं पाणी घाला आणि त्याच्या पातळीवर पेनाने रेघ मारा. वर पंपावरून आणलेलं ताजं पेट्रोल घाला, त्यात ऑइल घालायच्या आधीचं. बूच लावून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. काय दिसतं ते लिहा. हे उघड्यावर करा, स्वयंपाकघरात करू नका.

जुनी नळी बदलाल तेव्हा तिचा बोटभर तुकडा मला पाठवा.

विहीण


२७ एप्रिल

विहीणबाई,

हरलो. पोलिसात जायचं सोडून तुम्ही रबरात कशाला गेलात?

प्लग खडूसारखाच पांढरा आहे. बाटलीचा प्रयोग गच्चीत केला. रेघेवर असलेलं पाणी दहा मिनिटांत रेघेच्या चांगलं वर गेलं. मी बाटली उन्हात धरून बघत बसलो. पाणी वाढलं कुठून, तर पेट्रोलमधलं इथेनॉल त्याच्यात उतरलं. पंचेचाळीस वर्षं यंत्रांत घालवली, पण हे पहिल्यांदा पाहिलं. नळीचा तुकडा सोबत आहे. सुरीनं कापताना चीजसारखा कापला गेला.

आता लपवलं का ते सांगतो. जानेवारीत करडी भर चौकात बंद पडली. मागे बसची रांग लागली. चिरंजीव मला न्यायला आले, ढकलत ढकलत आम्ही दोघं घरी आलो. जिन्याशी आल्यावर ते म्हणाले, "बाबा, पुन्हा एकदा ही रस्त्यात थांबली तर मी तिला भंगारात देणार. तुमच्यावर बस आली असती." रागानं नाही, घाबरून म्हणाले. मला कळलं की ते बोलल्याप्रमाणे करतील.

पुढच्याच महिन्यात ती पुन्हा थांबली. दोन तास उशीर झाला. दारात सगळे उभे. "कुठे होतात?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "रस्ता चुकलो." ठरवून नाही म्हणालो. पण एकदा म्हटल्यावर सोपं झालं. करडीला कुणी काही बोललं नाही. उलट सूनबाईनं गरम पाणी काढून दिलं.

तुम्ही म्हणाल, पेटी घेऊन बसनं जा. नऊ किलोची पेटी आहे. बसमध्ये तिसऱ्या दिवशी माझे गुडघे गेले असते आणि चौथ्या दिवशी काम. ज्या दिवशी करडी जाईल त्या दिवशी मी घरी बसेन, आणि घरी बसलेला मी मलाच आवडणार नाही.

म्हणून विनंती आहे. हे आपल्या दोघांतच राहू द्या. विसराळू म्हातारा म्हणून घ्यायला माझी तयारी आहे.

व्याही


८ मे

व्याहीबुवा,

नमस्कार. तुमचा तुकडा घेऊन मी कारखान्यात गेले होते. माझ्या खुर्चीवर आता जी मुलगी बसते तिनं मला माझाच जुना तराजू आणि जाडीमापक वापरू दिला. तुमच्या नळीची भिंत नव्यापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशानं जाड झाली आहे, आणि आतलं भोक एवढं बारीक की त्यातून पेन्सिलचं शिसं जेमतेम जाईल. ती मुलगी म्हणाली, "बाई, यातून गाडी चालत होती?" मी म्हटलं, मालक प्रेमानं चालवत होते.

सोबतच्या पुडक्यात इथेनॉल सोसणाऱ्या रबराची नळी आहे, टाकीतलं पेट्रोल चालू-बंद करणाऱ्या कॉकचा वॉशर आहे आणि कार्बोरेटरच्या सुईचं रबरी टोक आहे. मापं तुम्ही ताडून बघा. पेट्रोल सोडणारा जेट मोठा लावायचा का, ते तुमचं क्षेत्र. टाकी उतरवून आतला गंज आणि गाळ साफ करा. इथेनॉल जुनी घाण सुटी करतं आणि ती जेटमध्ये जाऊन बसते.

आता महत्त्वाचं. टाकीत पाणी जाऊ देऊ नका आणि पेट्रोल आठवडेच्या आठवडे साठवू नका. थोडं भरा, वापरून संपवा. पाणी शिरलं तर बाटलीत पाहिलंत तसा थर टाकीच्या तळाशीही बसतो. तुमच्या दोन स्ट्रोकच्या इंजिनला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये घातलेल्या ऑइलमधून, आणि त्या तळच्या थरात ऑइल टिकत नाही. इंजिन मात्र आधी तळचंच पितं. मग पिस्टन कोरडा चालतो आणि चालता चालता जाम होतो. तसं झालं तर मागून बस येईल, आणि या वेळी जावई म्हणतात ते खरं होईल.

हे झालं करडीचं.

आता तुमचं. ही गोष्ट मी आपल्या दोघांत ठेवणार नाही. तुम्ही विसराळू म्हणवून घ्यायला तयार आहात, पण माझी लेक विसराळू सासऱ्याची सून व्हायला तयार आहे का, हे तुम्ही तिला विचारलंत? ती कचेरीतून दिवसातून तीनदा तुम्हाला फोन करते, तो गप्पा मारायला नाही. परवा मला म्हणाली, "आई, बाबांनी एक दिवस मला ओळखलं नाही तर मी काय करू?" हे तिला एका नळीपायी वाटतंय. आठ दिवस देते. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन.

रागावून लिहिलं आहे. पण नळी रागानं पाठवलेली नाही.

विहीण


२१ मे

विहीणबाई,

आठ दिवस उलटून गेले, मला माहीत आहे. तुम्ही अजून काही सांगितलेलं नाही, हेही माहीत आहे. उपकार आहेत.

नळी, वॉशर, टोक, सगळं मापात बसलं. टाकी उतरवली तर तळातून चहाच्या गाळासारखा गाळ निघाला. जेट एक नंबरने मोठा लावला. आज सहा दिवस करडी ऐन दुपारी गर्दीत फिरते आहे, एकदाही थांबली नाही. प्लग आता छान तपकिरी येतो. एवढं सगळं आनंदानं लिहायचं होतं.

तुमचं पुडकं आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची वेळ होती. मी मनाशी ठरवलं होतं की आधी तपासणी होऊ द्यावी, मग सांगावं. खरं म्हणजे आणखीही एक ठरवलं होतं. ते तुम्हालाच सांगतो. तिथे सगळी उत्तरं बरोबर दिली तर चिरंजीव विचारणार, मग उशीर का होतो? म्हणून थोडं चुकायचं. फार नाही, शोभेल एवढंच.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी पाच शब्द सांगितले आणि म्हणाल्या, नंतर विचारीन. खुर्ची, लिंबू, नदी, टोपी, शिटी. मी तिथल्या तिथे ठरवलं, नदी आणि शिटी हे दोन गाळायचे. मग त्यांनी घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे मोजायला लावले. दहा मिनिटांनी म्हणाल्या, आता ते शब्द सांगा.

खुर्ची आठवली. नदी आणि शिटीही आठवले, गाळायचे म्हणून घोकले होते ना. बाकीचे दोन कुठे गेले कुणास ठाऊक. मी टेबलाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. काही नाही. एखाद्या मशीनचं झाकण उघडावं आणि आत बॉबिनच नसावी, तसं. शेवटी जे गाळायचे होते तेच दोन घाईघाईनं सांगून टाकले. लिंबू आणि टोपी मी वर लिहिले ते आठवून नाही, त्यांनी नंतर कागद दाखवला म्हणून.

चिरंजीव शेजारीच होते. त्यांनी माझा हात धरला. लहानपणी करडीवर माझ्या पुढ्यात उभे राहायचे तेव्हा असाच आरशाचा दांडा घट्ट धरायचे.

आता कसं सांगू? आधी खोटं होतं तेव्हा सांगता आलं असतं. आता खरं काय आणि खोटं काय ते माझं मलाच वेगळं करता येत नाही. त्या चार वेळा करडी थांबली होती, हे मला पक्कं आठवतं. आठवतं असं वाटतं.

व्याही


२५ मे

व्याहीबुवा,

पत्र मिळताच लिहायला बसले आहे.

त्या चार वेळा करडीच थांबली होती. माझ्याकडे नळीचा तुकडा आहे, वजन करून ठेवलेला. त्याची शंका घेऊ नका. बाहीला लागलेला वास खोटा नव्हता.

तपासणी खोलीत आमचा एक नियम होता. एका तुकड्यावरून कधी मालाचा निकाल द्यायचा नाही. तीन तुकडे घ्यायचे, वेगवेगळ्या दिवशी. तुम्ही त्या खोलीत मनात एक कट शिजवत बसला होता, घाबरला होता, शेजारी मुलगा होता. अशा माणसाचे दोन शब्द सांडले तर तो वयाचा दोष असेल किंवा लबाडीचाही असेल. कदाचित खरंच काही सुरू होत असेल. मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही. पण डॉक्टरांना तरी ते कसं कळावं? तुम्ही त्यांना चार वेळा रस्ता चुकल्याची खोटी हकीकत दिलीत. त्यावर त्या औषध ठरवतील. चुकीच्या मापाचा वॉशर बसवल्यासारखं होईल ते.

म्हणून सांगायचं. करडीचं आणि त्या दोन शब्दांचं, दोन्ही.

एकट्यानं जड जात असेल तर माझंही एक घ्या. मी सगळ्यांना सांगते की डावा कान गेला. उजवाही जायला लागला आहे, दोन वर्षं झाली. लेकीशी फोनवर बोलते तेव्हा अर्धं ऐकते आणि अर्धं आवाजावरून ताडते. मागे ती काहीतरी म्हणाली आणि मी हसले. पलीकडे ती एकदम गप्प झाली. काय म्हणाली होती ते मला आजही माहीत नाही. यंत्र लावलं तर ती मला एकटीला राहू देणार नाही, या भीतीनं लपवते आहे. तुमच्या करडीत आणि माझ्या कानात फार फरक नाही.

येत्या रविवारी सकाळी मी तिला हे सांगणार आहे. तुम्ही त्याच सकाळी सांगा. एकाच घरावर दोन्ही एकदम कोसळू दे. म्हणजे कुणावर जास्त रागवायचं ते त्यांचं त्यांना ठरवता येणार नाही.

विहीण


१६ जून

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

सूनबाईनं तुम्हाला बरंच सांगितलं असेल, आणि आता नवं यंत्र लावून तुम्ही ते पुरतं ऐकलंही असेल. तरी माझ्याकडून लिहितो.

त्या रविवारी तुमचा फोन संपला तेव्हा सूनबाई डोळे पुसत होती. तेवढ्यात मी सुरुवात केली. चौकापासून लिंबू-टोपीपर्यंत सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग रडली, मग उठून माझ्या खिशातली पत्त्याची चिठ्ठी काढून घेतली आणि थोड्या वेळानं परत ठेवली.

चिरंजीव उठले. खाली गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी मागोमाग गेलो. करडीवर बसले होते. मला म्हणाले, "बाबा, तुम्हाला काय वाटलं? स्कूटर थांबलेली मला चालणार नाही आणि तुम्ही हरवलेले चालाल?" मी त्यांच्या मागे सीटवर बसलो. बराच वेळ आम्ही बंद गाडीवर तसेच बसून होतो. दूधवाला बघून गेला.

डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. त्या रागावल्या, मग म्हणाल्या की बरं झालं सांगितलंत. पुन्हा तपासलं. या वेळी चार शब्द आले. सहा महिन्यांनी परत बोलावलंय. तुमचा तिसरा तुकडा तेव्हा होईल. तोवर करडी एकट्यानं चालवायची नाही, असं ठरलं. मी वाद घातला नाही. घालणार होतो, पण चिरंजीव म्हणाले, "शनिवारी मला सुट्टी असते."

तेव्हा आता कामाचा वार शनिवार. लांबच्या मशिनी त्या दिवशी, जवळच्या इतर दिवशी चालत, पेटीतलं मोजकं सामान घेऊन. गेल्या शनिवारी पहिली फेरी झाली. चिरंजीव पुढे, मी मागे, पेटी त्यांच्या पायाशी. पेट्रोल किती भरायचं, ऑइल किती घालायचं, गाडी उभी केली की टाकीचा कॉक का बंद करायचा, सगळं त्यांना शिकवलं. त्यांनी फोनमध्ये टिपून घेतलं.

तीन मशिनी झाल्या. चौथ्या घरी निघालो आणि दोन गल्ल्या गेल्यावर करडी आचके देऊन बंद पडली. चिरंजीवांनी आठ-दहा किका मारल्या. घाम फुटला त्यांना. उतरून नळी बघितली, प्लग काढला, बाहीला पेट्रोल लागलं. माझ्याकडे बघतात तर मी बुटक्या भिंतीवर बसलेला. "बाबा, काय झालं हिला? परत रबर का?"

मी म्हटलं, "कॉक उघडलास का?"

खाली वाकून बघितलं त्यांनी. कॉक फिरवला. म्हणाले, "विसरलो."

मी म्हटलं, "होतं असं," आणि मागे जाऊन बसलो.

आपला,
व्याही